ताकातली बैलजोडी

पुणे, ता. ४ जानेवारी १९४०

तीर्थरूप भिलामामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहितो आहे. पत्र वाचून होईपर्यंत ते तिथेच असू द्या, कारण वर उचलायची हिंमत नाही. हे पत्र मामीला वाचून दाखवू नका. तुमच्या मेहुण्यांच्या, म्हणजे आमच्या बापूंच्या कानावर तर अजिबात जाऊ देऊ नका.

आम्हाला बी.एस्सी.ला सेंद्रिय रसायनशास्त्र आहे. म्हणजे साखर, तूप, नीळ, ताकाचा आंबटपणा अशा जिवंत वस्तूंतून निघालेल्या पदार्थांचं शास्त्र. प्रोफेसर दाबके फळ्यावर आकृत्या काढतात आणि म्हणतात, "हे रेणू फळ्यासारखे सपाट नाहीत. हवेत उभे आहेत, असं डोळ्यांसमोर आणा." माझ्या डोळ्यांसमोर फळाच येतो.

प्रयोगशाळेतलं एक कपाट पुसायचं काम माझ्याकडे आहे. त्यात जर्मनीहून आलेली एक पेटी दिसली. आत ताकातल्या आम्लाच्या रेणूची जोडी होती, लाकडाचे रंगीत गोळे काड्यांवर बसवलेले. तो धडा फेब्रुवारीत होणार आहे. म्हटलं, आधीच खोलीवर नेऊन डोळ्यांना सवय करावी. कोणाला विचारलं नाही.

इथवरही ठीक होतं. पण मी मुलांशी पैज लावली की हा नमुना आपल्याकडच्या गोखरूच्या काट्यासारखा आहे, कसाही फेका, तीन पायांवर उभा राहतो. दोनदा राहिला. तिसऱ्यांदा मी वसतिगृहाच्या माडीवरून फेकला. तेव्हाही उभा राहिला मामा, देवाशपथ. भर रस्त्यात तीन पायांवर उभा राहिला, आणि त्याच्यावरून टांगा गेला.

लढाई सुरू झाल्यापासून जर्मनीतून सुईसुद्धा येत नाही. आणि मला गाडीत बसवताना बापू काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंच आहे. "कॉलेजमाईन एक चिठ्ठी उनी, का तू शे अन् नांगर शे." बापू बोलले की करतात.

जोडीतला उरलेला नमुना सोबत पाठवतो. नंदुरबारच्या गफूरचाचा खराद्याकडून याची जोडी पुरी करून आणा. दोन्ही हुबेहूब सारखे होते. मधला काळा गोळा म्हणजे कार्बन, जो दुधात, लाकडात, मिरचीत, आपल्या हाडामांसात, सगळीकडे असतो. त्याला चार हात, आणि हातांत पांढरा, तांबडा, पिवळा, निळा असे चार गोळे. महिनाअखेर पेटी कपाटात गेली पाहिजे.

तुमचा (अजून असेन तर लाडका)
नवल


कोपर्ली, ता. १० जानेवारी १९४०

चि. नवल,

देव तुला सुबुद्धी देवो, आणि तोवर माडीवरची खोली काढून घेवो.

पार्सल पोचलं. मामीने विचारलं, "काय उनं हाई?" मी म्हटलं, औषध. "कसानं औषध?" म्हटलं, सांध्यांचं. तेव्हापासून ती रोज माझ्या गुडघ्यांना एरंडेल चोळते आणि मला लंगडत चालावं लागतं. खोटं बोलल्याचं फळ इतक्या लवकर मिळतं हे मी कीर्तनात ऐकलं होतं, अनुभव आता आला.

तुझा नमुना देवघराच्या कोनाड्यात लपवला आहे. सकाळी पूजेला बसलो की तो दिसतो. तू लिहितोस की हा कार्बन दुधात आहे, लाकडात आहे, मिरचीत आहे, आपल्या हाडामांसात आहे. म्हणजे सर्वांभूती आहे. रंगाने काळा आहे. हात चार आहेत. तुमच्या कॉलेजात त्याला कार्बन म्हणत असतील. आमच्याकडे त्याचं दुसरं नाव आहे. मी गंध लावलं नाही, पण हात जोडले.

काल बैलगाडी घेऊन नंदुरबारला गेलो. हा मिरचीचा हंगाम. गाव दिसायच्या आधी शिंका सांगतात की नंदुरबार आलं. गफूर खरादावर पलंगाचे पाय कातत होता. नमुना हातात घेऊन त्याने तो फिरवला, उलटा केला, कानाशी धरून वाजवला.

"भिलाभाऊ, हाई कोन्हं खेळनं शे?"

"भाच्याचं. बी.एस्सी.ला आहे."

"या अल्ला! मन्ही नातबी असंच खेळस. ती पन बी.एस्सी. शे का?"

मी सांगितलं, जोडीतला एक मोडला आहे, जोडी पुरी करून दे. त्याने मान हलवली. कुड्याचं लाकूड आणि लाखेचा रंग वापरणार आहे. दहा दिवसांनी बोलावलं आहे.

अभ्यास कर. काही फेकू नकोस.

भिलामामाचा आशीर्वाद


कोपर्ली, ता. २३ जानेवारी १९४०

चि. नवल,

काम झालं, पण दोनदा झालं. कसं ते ऐक.

गफूरने केलेला नमुना घरी आणला. काम असं की जर्मनीवाल्याने लाजावं. लाख इतकी चकचकीत की त्यात माझी मिशी दिसत होती. ओट्यावर दोन्ही नमुने शेजारी ठेवले आणि एकावर एक जुळतात का ते पाहू लागलो. पांढरा पांढऱ्याला जुळवला, तांबडा तांबड्याला जुळवला, तर निळ्याच्या जागी पिवळा येई. पिवळा जुळवावा तर तांबडा फिरे. अर्धा दिवस मी तो खेळ करत बसलो. मामी म्हणाली, "गुडघा बरा व्हयना वाटतं, आते डोकं बिघडनं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा नंदुरबार. गफूरला म्हटलं, तू उलटा केलास. तो हातातलं काम टाकून उभाच राहिला. पन्नास वर्षांत त्याला असं कोणी म्हटलं नसेल.

"तू जोडी मांगी व्हती का नही?"

"मागितली होती."

"मी पाळनाना राघू करस. जोडीना राघू एकमेकनाकडे तोंड करीसन बसतस. दोन्ही एकच बाजूले देखाले लागनात, तर पोर हसस का? कवाडनी जोडी करस, एक डावा, एक उजवा. तुन्ही बैलजोडी शे ना? डावा बैल उजवाकडे जुपीसन देख!"

नवल, त्याचं बोलणं मनात बसलं. आपला ढवळ्या आणि पवळ्या, दोघे एका उंचीचे, एका शिंगांचे. पण ढवळ्या डाव्या अंगाने चालतो. उजवीकडे जुंपला की तो भर रस्त्यात उभा राहतो आणि माझ्याकडे असा पाहतो, जणू मीच बैल. दोघे सारखे आहेत, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. यालाच आपण जोडी म्हणतो.

पण तू पत्रात हुबेहूब म्हटलं आहेस, आणि बी.एस्सी.ला तू आहेस, गफूर नाही. म्हणून त्याच्याकडून दुसरा, अगदी नमुन्याबरहुकूम, करून घेतला. करताना तो सारखा पुटपुटत होता, "पाप करी ऱ्हायनू मी, पाप करी ऱ्हायनू."

तो नमुना आणि तुझा मूळचा, दोन्ही आज नंदुरबार स्टेशनातून पार्सलने पाठवले. गफूरचा पहिला, उलटा, टाकवेना. तो आपल्या घरी, माझ्या नातीच्या पाळण्यावर टांगला आहे. तिला दात येताहेत. पांढरा गोळा तिला विशेष आवडतो.

भिलामामाचा आशीर्वाद


पुणे, ता. १ फेब्रुवारी १९४०

ती. भिलामामा,

जिंकलो! दोन्ही नमुने एकावर एक ठेवून पाहिले, केसाइतका फरक नाही. पेटी काल कपाटात गेली, वर मीच फडकं मारलं. गफूरचाचांना सांगा की पहिल्या खेपेला चुकले तरी दुसऱ्या खेपेला त्यांनी जर्मनीवर मात केली. बैलांची गोष्ट मी खोलीतल्या मुलांना वाचून दाखवली. खूप हसलो. मामा, रेणूंना कसलं आलं डावं-उजवं!

तुमचा निर्धास्त
नवल


पुणे, ता. ९ फेब्रुवारी १९४०

मामा,

रेणूंना डावं-उजवं असतं.

आज तो धडा झाला. प्रोफेसरसाहेबांनी पेटी उघडली, दोन्ही हातांत एकेक नमुना धरला आणि म्हणाले, "नीट पाहा. यांतला प्रत्येक गोळा सारखा आहे, तरी हे दोन कधीच एकमेकांवर बसणार नाहीत. आपल्या दोन तळहातांसारखे, माणूस आणि त्याच्या आरशातल्या रूपासारखे. हे पाहा." असं म्हणून त्यांनी एकावर एक ठेवला. आणि तो बसला, मामा. टक् करून बसला.

त्यांनी काढून पुन्हा ठेवला. पुन्हा बसला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा ठेवला. मग म्हणाले, "चौदा वर्षं हा धडा शिकवतो आहे. आज पहिल्यांदा चुकला." एक नमुना त्यांनी नाकाशी नेला. लाखेचा वास आला असणार. "काम फार सुंदर आहे," ते म्हणाले, "पण कोणीतरी जगातलं एक आम्ल नाहीसं केलं आहे. ज्याने केलं त्याने सोमवार एकोणीस तारखेपर्यंत मला येऊन भेटावं. नाहीतर तुम्हा चौदाही जणांच्या घरी चिठ्ठी जाईल."

चिठ्ठी, मामा! मला आता डोळ्यांसमोर सगळं उभं दिसतं, पण रेणू नव्हे, नांगर दिसतो.

गफूरचाचांचा पहिला, उलटा नमुना ताबडतोब पाठवा. कपाटाची किल्ली अजून माझ्याकडे आहे. गुपचूप बदलून ठेवतो. साहेबांना वाटेल त्यांचाच डोळा चुकला.

नवल


कोपर्ली, ता. १३ फेब्रुवारी १९४०

चि. नवल,

तुझं पत्र मिळालं. गफूरला वाचून दाखवलं. त्याने खराद थांबवला, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा चालू केला. बोलला असता तर बरं झालं असतं.

पाळण्यावरचा नमुना सोडवताना नातीने आकांत केला. मामीने विचारलं, "पोरनं खेळनं कोठे चालनं?" माझं खोटं संपलं होतं. सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "म्हंजे महिनाभर मी तुमना धडधाकट गुडघा चोळी ऱ्हायनी व्हती!" एरंडेलाची बाटली तिने उचलून ठेवली आहे. आता खरंच दुखलं तरी मिळणार नाही.

तुझ्यासाठी दोन गोष्टी लिहितो.

पहिली. मी रात्रंदिवस हा डाव्याउजव्याचा विचार करत होतो, तेव्हा देवळात एक युक्ती सुचली. पांढरा गोळा वर, आपल्याकडे धर आणि वरून खाली पाहा. मग तांबडा, पिवळा, निळा असं क्रमाने मोजत जा. एका नमुन्यात ते देवाला प्रदक्षिणा घालावी तसे फिरतात. दुसऱ्यात उलटे. नमुना कसाही गरगर फिरव, हे बदलत नाही. चार हातांवर तेच चार गोळे आहेत, फरक फक्त प्रदक्षिणेचा आहे. तुमच्या शास्त्रात याला काही मोठं नाव असेल.

दुसरी. उलटा नमुना मी आज पार्सलने पाठवला आहे. पण तुला नाही. पत्ता लिहिला आहे: प्रोफेसर दाबके, रसायनशाळा. आत चिठ्ठी टाकली आहे, "नवलकडून."

रागावू नकोस. कपाट उघडून गुपचूप बदलला असतास तर साहेबांना वाटलं असतं आपला डोळा चुकला. चौदा वर्षं शिकवणाऱ्या माणसाला त्याच्या डोळ्याबद्दल शंका घ्यायला लावायची, हे मला देवासमोर बसून जमेना. टपाल पुढे धावतं आणि पार्सल मागून रमतगमत येतं. मधे तुला दोन-तीन दिवस मिळतील. पार्सलच्या आधी पोचलास तर कबुली. नंतर पोचलास तर चोरी.

पळ.

भिलामामा


पुणे, ता. २० फेब्रुवारी १९४०

ती. मामांस,

शुक्रवारी तुमचं पत्र आलं. त्या दिवशी मी तुमच्याबद्दल जे जे बोललो त्याची आधी माफी मागतो. तुम्हाला ते ऐकू आलं नसलं तरी कोपर्लीच्या दिशेला तोंड करून बोललो होतो.

शनिवारी सकाळी साहेबांच्या घरी गेलो. ते जेवत होते, पानात ताकभात होता. मी दारातच उभं राहून पेटीपासून टांग्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. भात कालवायचा हात थांबला. "तिसऱ्यांदाही उभा राहिला?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं. "माडीवरून?" हो. "हं," ते म्हणाले, आणि जेवू लागले.

हात धुऊन आल्यावर विचारलं, "दोन्ही एकच आहेत हे तुला पेटी परत ठेवताना कळलं नाही?" म्हटलं, नाही. पण ते दुसऱ्या माणसाला कळलं होतं. मग गफूरचाचांचे राघू, कवाडं, तुमचा ढवळ्या आणि देवळातली प्रदक्षिणा असं सगळं सांगितलं. साहेब कोकणातल्या भटजींच्या घरचे, त्यांनी बैल जुंपलेला नाही. म्हणाले, "थांब. डावा बैल उजवीकडे खरंच चालत नाही?" मी म्हटलं, "चालत नाही. तुमच्याकडे पाहत उभा राहतो." मग जमिनीवर बसून पाट, तांब्या आणि दोन लिंबं घेऊन मी प्रोफेसरांना बैलगाडी शिकवली. मामा, शिकवता शिकवता मला रेणू दिसले. फळ्यापासून सुटून हवेत उभे राहिले. पहिल्यांदा.

पार्सल काल भर वर्गात उघडलं. दोन नमुने साहेबांनी एकावर एक ठेवून पाहिले. नाही बसले! त्यांचा चेहरा असा फुलला की मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी नमुना जवळ नेला. "नवल, या पांढऱ्या हायड्रोजनवर दातांच्या खुणा कसल्या?"

"माझी पुतणी आहे सर. वय नऊ महिने."

"म्हणजे तुमच्याकडे सेंद्रिय रसायन दात यायच्या आतच सुरू होतं."

शिक्षा दोन. परीक्षेपर्यंत सगळ्यांची काचेची भांडी मी धुवायची. आणि पुढल्या महिन्यात इंटरच्या वर्गाला हा धडा मी समजावून द्यायचा, बैलांसकट. गफूरचाचांकडून अशा सहा जोड्या करून हव्या आहेत. आणि साहेबांनी एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम कळवायला सांगितली आहे. ताकातल्या आम्लात डावे-उजवे दोन्ही रेणू निम्मे निम्मे असतात. पण माणूस धावला, राबला की त्याच्या मांसात जे आम्ल तयार होतं, ते एकाच अंगाचं असतं. असं का, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "अजून कोणालाच ठाऊक नाही. तुझ्या मामांना विचार."

आता वाईट बातमी. नियम तो नियम म्हणून घरी चिठ्ठी गेलीच. बापूंच्या नावाने, कालच्या टपालाने. आत काय लिहिलं ते सांगत नाहीत, नुसते हसतात. मामा, पोस्टमनला गाठा!

भांडी धुणारा
नवल


कोपर्ली, ता. २७ फेब्रुवारी १९४०

चि. नवल,

पोस्टमनला गाठलं नाही. माझं वय आता पोस्टमनच्या मागे धावायचं नाही, आणि मामी गुडघ्याला काही लावणारही नाही.

शनिवारी तुझे वडील गाडी जुंपून स्वतःच आले. चिठ्ठी टोपीत घडी करून ठेवलेली. घरी कोणाला वाचू दिली नव्हती. ओट्यावर माझ्यासमोर टाकली आणि म्हणाले, "वाची दाखाड. मंग मी पोऱ्याले लेवाले पुनाले जास."

मी वाचली. एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. साहेबांनी लिहिलं होतं: आपल्या चिरंजीवांनी कॉलेजची वस्तू न विचारता नेली व मोडली. त्यांनी स्वतः येऊन कबूल केलं, त्यांच्या मामांचं पार्सल पोचण्याच्या दोन दिवस आधी. डाव्या आणि उजव्या अंगाच्या बैलांवरून त्यांनी जो पाठ मला समजावला, तो मी चौदा वर्षांत इतका चांगला शिकवू शकलो नाही. सबब शिक्षा केली आहे, ती योग्य वाटल्यास कळवावे.

बापूंनी आधी गाडीच्या डाव्या बैलाकडे पाहिलं, मग उजव्याकडे. मग म्हणाले, "म्हंजे पोऱ्याले बैल समजना तर!"

मी म्हटलं, समजला.

"अन् त्या प्रोफेसरले समजत नही व्हता?"

"नव्हता. नवलने शिकवला."

"तीन वरीस व्हयनात पुनामा," ते म्हणाले, "पहिल्यांदाच काही कामनं शिकना."

मी विचारलं, मग नांगराचं काय? ते उठले, धोतर झटकलं. "नांगरले गडी शेतस. पोऱ्याले तठेच ऱ्हाऊ द्या. त्या प्रोफेसरना आखो काय काय शिकनं बाकी व्हई." आणि जाताना चिठ्ठी परत घडी करून टोपीत ठेवली. कालपासून गावात ज्याला त्याला काढून दाखवताहेत असं ऐकतो.

गफूरला सहा जोड्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "आते तरी नीट इचारी ले. जोडी, का हुबेहूब?" मी हात जोडले. साहेबांना सांग, तो हुबेहूबवाला नमुना त्यांना नको असेल तर परत पाठवा. नात रिकाम्या दोरीकडे बघून रुसते आहे.

मांसात एकाच अंगाचं आम्ल का, हे मला कुठून ठाऊक असणार! पण प्रश्न मनातून जाईना. देवाने प्रत्येक देहात एकच बैल जुंपला आहे, आणि दुसरा, तितकाच देखणा, ताकात मोकळा सोडला आहे. काल पहाटे मारुतीच्या देवळात कोणी नव्हतं. तुला म्हणून सांगतो, मामीला सांगू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा मी उलटी प्रदक्षिणा घालून पाहिली.

देव दोन्हीकडून सारखाच दिसला. पाय मात्र पावलोपावली अडखळले.

भिलामामाचा आशीर्वाद